पाहुण्यांसमोर निघाला तर?

अक्षय्य तृतीयेला चार दिवस होते. पुण्यात त्या दिवसांत फूटपाथ जरा रुंद दिसला की तिथे आंब्याचा मांडव पडतो, त्यातलाच एक. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांच्या ओळी, वर पिवळा बल्ब. मांडवात पाऊल टाकायच्या आधीच नाकाशी येणारा वास, निम्मा आंब्याचा, निम्मा पेंढ्याचा. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. हातात घडी केलेली कापडी पिशवी. त्यांनी ओळीतला एक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं, अंगठ्याने खांद्याजवळ हलकंसं दाबून पाहिलं. भाव विचारला. विकणारा पंचविशीतला मुलगा म्हणाला, बाराशे डझन. बाई भावाला दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि साका निघाला तर?" मुलगा तयारच होता. "बदलून देतो काकू, बिनधास्त या." बाईंनी आंबा हातात फिरवला. "बदलून देशील रे. पण पाहुण्यांसमोर निघाला तर?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "नाही निघणार." बाईंनी आंबा पेंढ्यातल्या त्याच खळग्यात, जसा होता तसा ठेवला आणि त्या गेल्या.

बदलून देतो हे वाक्य या धंद्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. निम्मे विक्रेते तेही म्हणत नाहीत. मुलगा खोटं बोलत नव्हता, मालही बरा होता. तरी ते वाक्य बाईंच्या प्रश्नापर्यंत पोचलं नाही, कारण ते पैशाचं उत्तर होतं आणि प्रश्न पैशाचा नव्हता. साका निघणं म्हणजे काय हे ज्याने ताटात पाहिलंय त्याला सांगायला नको. बाहेरून फळ पिवळंधमक, सुरकुती पडलेली, वास घमघमतोय. सुरी फिरवली की कोयीच्या बाजूला पांढुरका, स्पंजासारखा, चिवट भाग. चवीला आंबूस, कधी कुबट. व्याही पहिल्यांदा जेवायला आलेत, ताटात फोडी वाढल्यात, आणि त्यांनी नेमकी ती फोड उचलली. बोलणार कोणीच नाही. व्याही फोड ताटाच्या कडेला सरकवतील आणि आंबा गोड आहे म्हणतील. त्या क्षणाची भरपाई दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या एका आंब्याने कशी होणार?

गिऱ्हाईक जे बोलतं ते दुकानात बोलतं, पण त्याची शंका घरातली असते. घर विकणाऱ्याला दिसत नाही.

आता साक्याबद्दल. हा रोग नाही, कीडही नाही, म्हणून फवारणीने जात नाही. फळ झाडावर असतानाच कोयीत रुजण्याची तयारी सुरू होते आणि ती भोवतीच्या गरातून पाणी आणि सत्त्व ओढायला लागते, असा त्याचा एक मोठा खुलासा आहे. तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता हे दुसरं कारण. म्हणून जाणता बागायतदार झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवतो आणि फळ पूर्ण सोळा आणे होऊ देत नाही, चौदा आण्याला उतरवतो. म्हणजे साधारण 85 टक्के पक्व. जास्त झाडावर राहिलेलं, वजनाने मोठं फळ साक्याला जास्त बळी पडतं. वाईट याचं वाटतं की आपण पैसे मोजतो ते नेमके मोठ्या नगासाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' काढला, त्यात साका होत नाही. पण मांडवात 'रत्ना आहे का' विचारणारं गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही. लोकांना हापूसच हवा, साक्याच्या भीतीसकट.

तेव्हा 'नाही निघणार' हे उत्तर तिथेच फसतं. बाहेरून साका दिसत नाही, हाताला लागत नाही, नाकाला कळत नाही. मुलाला हे माहीत होतं. बाईंना हेही माहीत होतं की मुलाला माहीत आहे.

खरं म्हणजे मांडवातल्या शंका मोजक्या आहेत. महाग आहे. कर्नाटकचा आहे. कार्बाइडचा आहे. शेजारच्यांना आठशेला मिळाला. घरी विचारून सांगते. जरा पुढे बघून येतो. हंगामभर याच सहा-सात गोष्टी वेगवेगळ्या तोंडांतून येतात. त्यामुळे विकणाऱ्याची उत्तरं पाठ होतात, आणि पाठ झाली की ती गिऱ्हाइकाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडतात. हा मांडवातला सगळ्यात मोठा दोष. भावाचा नंबर त्याच्यानंतर. 'महाग' यातला 'हा' अजून हवेत असतो तोवर इकडून 'अहो काकू, वाशीलाच माल चढाय...' सुरू. गिऱ्हाइकाला वाशीचं काय घेणं? वाशीच्या घाऊक बाजारातला चढा भाव ही विकणाऱ्याची अडचण आहे, ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत का टाकायची?

भाव सांगितला की गप्प बसावं. मनात पाचपर्यंत मोजावं. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार जड. त्या पाच आकड्यांत गिऱ्हाईक हिशेब करत असतं. किती माणसं, किती दिवस, मागच्या वर्षी काय भावाने घेतले होते. विकणाऱ्याला मात्र ती शांतता नकारासारखी वाटते. तो घाबरतो आणि कोणी न मागताच म्हणतो, "बरं, हजार द्या." झालं. आता गिऱ्हाइकाला कळलं की बाराशे हा आकडा हवेतला होता. मग हजार तरी खरा कशावरून? भाव उतरवल्याने शंका मिटत नाही, तिला पुरावा मिळतो. उतरवायचाच तर त्या बदल्यात काहीतरी बदलायला हवं. दोन डझन घेतले तर इतके. नग लहान चालत असेल तर हा नऊशेचा. आज-उद्या खायचे असतील तर ही तयार रास आहे, ती कमीत देतो, कारण परवा ती माझ्याकडेच मऊ पडेल. यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडतं. सूट का मिळतेय याचं कारण गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं आणि विकणाऱ्याची मानही खाली जात नाही. रात्री आठनंतर तयार मालावर अशी सूट देणं हा साधा हिशेब आहे. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला 'भवानीची वेळ आहे, घ्या' म्हणून दिलेली सूट मात्र दुपारपर्यंत अंगाशी येते. ते गिऱ्हाईक सोसायटीत जाऊन आकडा सांगतं, भवानीचं सांगायला विसरतं.

शेजारच्यांच्या आठशेचंही तसंच. या वाक्यावर मांडवात दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक, तो हापूसच नसेल. दोन, मग तिथूनच घ्या. पहिलीत शेजाऱ्याचा अपमान आहे, दुसरीत समोरच्याचा. खरं उत्तर तराजूत आहे, आणि आंब्याच्या मांडवात तराजू बहुतेक नसतोच, कारण आपण आंबा डझनावर विकतो. 180 ग्रॅमचा नग असेल तर डझन 2 किलो 160 ग्रॅम भरतो. आठशेला घेतला तर किलोला 370 रुपये पडले. 300 ग्रॅमचा नग असेल तर डझन 3 किलो 600 ग्रॅम, बाराशेला घेतला तर किलोला 333. महाग वाटणारा स्वस्त निघाला. पण इथे थांबणारा विक्रेता हुशार, चांगला नाही. कारण मोठ्या नगात साक्याची शक्यता जास्त, हेही त्याच तोंडाने सांगायला हवं. दोन्ही सांगितलं की गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, मधले दाखवा. अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे. आणि मधल्या नगात घासाघीस कमी होते, हे कुठल्याही मांडवात पाहून घ्यावं.

साधा डिजिटल काटा ठेवायला खर्च तो किती! पण नाही ठेवत.

'कर्नाटकचा आहे ना?' यात आरोप असतो, म्हणून विकणारे चिडतात. देवाची शपथ, मुलाची शपथ, पेटीवरचं 'देवगड' बोटाने दाखवणं. पेटीवरच्या अक्षरांवर आता कोणाचाच विश्वास राहिलेला नाही, आणि तो का राहिला नाही याला व्यापारच जबाबदार आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्याच्या भाषेत हापूस हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याचं. 2025 च्या हंगामात देवगडच्या उत्पादक संस्थेने फळागणिक कोड असलेला स्टिकरही आणला. हे सगळं असलं तरी मांडवात उभं राहिलेल्या माणसाचा विश्वास हातात धरलेल्या फळावर बसावा लागतो. तेव्हा शपथ सोडून फळ कापावं. कोकणातल्या पिकल्या हापूसची साल पातळ, गर केशरी. कर्नाटकच्या फळाची साल जाड, गर पिवळ्याकडे झुकणारा, खालचं टोक जरा निमुळतं. शेजारी शेजारी दोन्ही कापून ठेवली तर शाळेतलं पोरही ओळखेल. काही मांडवांत कर्नाटकचा आंबा कर्नाटकचा म्हणूनच वेगळ्या ओळीत, कमी भावाने ठेवलेला असतो. असा मांडव दिसला की डोळे मिटून तिथून कोकणचा घ्यावा. ज्याने एका ओळीबद्दल खरं सांगितलं त्याला दुसऱ्या ओळीबद्दल शपथ घ्यावी लागत नाही.

कापण्यात एक हिशेब आहे आणि तो केला नाही तर हात आखडतो. दिवसाला चार आंबे कापले तर बाराशेच्या भावाने चारशे रुपये गेले. विक्रीचे चारशे, खरेदीचे अर्थात कमी. दिवसाला चाळीस डझन जाणाऱ्या मांडवात हे डझनामागे दहा रुपये. बदलून द्यायच्या फळांचंही तसंच. समजा दोन डझनांत एक फळ परत आलं, तर डझनामागे पन्नास रुपये आधीच भावात धरून ठेवायचे. ज्याने हे धरलेलं नसतं तो बदलून देतो म्हणतो खरं, पण तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक अर्धा चिरलेला आंबा घेऊन आलं की त्याचा चेहरा बदलतो. "फोटो आहे का?" "चार दिवस ठेवला असेल तुम्ही." "फ्रिजमध्ये ठेवला होता का?" शेवटी तो बदलूनच देतो, पण त्या तीन प्रश्नांनी गिऱ्हाइकाला चोर ठरवलेलं असतं. आंबा दिला आणि माणूस गमावला. बदलून द्यायचं तर बघायच्या आधी द्यावं. चिरलेलं फळ नंतर बघावं, तेही स्वतःच्या माहितीसाठी. कुठल्या पेटीतला होता, कुठल्या बागेतला होता, पुढच्या पट्टीच्या, म्हणजे हिशेबाच्या वेळी बागायतदाराशी काय बोलायचं.

कार्बाइडची शंका मला सगळ्यात खरी वाटते. तिच्याकडे 'आमच्याकडे तसलं नाही' म्हणून पाहणं बरं नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू चालतो, तोही बंद खोलीत, ठरावीक तापमानाला, हवेत दहा लाखांत 100 भागांपर्यंत. हे मांडवातल्या माणसाला सांगता आलं पाहिजे, कारण हल्ली गिऱ्हाईक 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून ऐकून बधिर झालंय. कार्बाइडच्या फळाला बाहेरून सगळीकडे एकसारखा पिवळा रंग येतो, पण देठाशी वास नसतो आणि आत गर फिका, कडसर. आढीत, म्हणजे पेंढ्यात घालून पिकलेला आंबा खांद्यावर पिवळा, पोटाला अजून हिरवट छटा, असा ठिगळाठिगळाने पिकतो. या शंकेचं सर्वांत पक्कं उत्तर म्हणजे कच्ची पेटी देणं. पिकवणं गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या डोळ्यांसमोर. पण मग पिकवायचं कसं हे तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठी द्यावी. खाली दोन-तीन बोटं पेंढा, वर आंबे, दोनपेक्षा जास्त थर नकोत. वर पुन्हा पेंढा नाहीतर वर्तमानपत्र. हवा खेळेल अशी जागा, पण ऊन नको. दोन दिवसांनी एकदा वर-खाली करायचे, मऊ पडलेला किंवा देठाशी काळा झालेला लगेच बाजूला काढायचा, नाहीतर तो शेजारच्यांना घेऊन बुडतो. आठ ते दहा दिवस. आणि पिकेपर्यंत फ्रिज अजिबात नाही. थंडीने कच्चं फळ बाधतं, मग ते पिकत नाही, नुसतं काळवंडतं. कच्च्या पेटीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या फ्रिजमध्ये असतं आणि खापर फुटतं बागेवर.

'घरी विचारून सांगते' याचे अर्थ तीन. एक सभ्य नकार, आणि तो नकार म्हणूनच घ्यावा, मागे लागू नये. दुसरा, खरंच घरी दुसरं कोणी ठरवतं. तिसरा जरा आतला आहे. माणसाला घ्यायचंय, पण घरी गेल्यावर 'एवढ्याला का घेतलेस' याचं उत्तर त्याच्याकडे नाही. त्याला आंब्याआधी एक वाक्य हवंय. "सांगा घरी, 3 किलोचा डझन आहे, आणि गुरुवारपर्यंत तयार होईल." एवढं पुरतं. पिशवीवर मार्करने तारीख लिहिली तर अजून बरं, कारण पिशवी स्वतःच घरात बोलते. आणि डझनावर आग्रह न धरता दोन नग विकावेत. दोन नग घरी गेले की ते घरच्यांशी थेट बोलतात, विकणाऱ्याला मध्ये पडावं लागत नाही. जोडप्याच्या बाबतीत मांडवातले लोक एक चूक नेमाने करतात. भाव नवरा विचारतो म्हणून सगळं बोलणं त्याच्याशी. तेवढ्या वेळात बायको पेंढ्यावर वाकून देठ बघत असते, चिकाचे डाग बघत असते. निर्णय तिथे चाललेला असतो आणि विकणारा पाठ करून 'साहेब, साहेब' करत असतो.

'जरा पुढे बघून येतो' म्हणणाऱ्याला अडवलं की तो परत येत नाही. त्याला पुढे काय बघायचं ते सांगून सोडावं. वजन विचारा, कापून दाखवतात का विचारा, कच्चा आहे की तयार ते विचारा. हे तीन प्रश्न घेऊन तो पुढच्या तीन मांडवांत जातो. यात धोका आहेच, एखादा पुढचाही तुमच्याइतकाच चांगला असतो. असू दे.

विक्रीच्या प्रशिक्षणवर्गांत गिऱ्हाइकाच्या शंकांसाठी एक ठरलेली चाल शिकवतात. आधी म्हणायचं, तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय. मग, आणखी बऱ्याच जणांना असंच वाटलं होतं. मग, पण वापरल्यावर त्यांना कळलं की अमुक तमुक. विमा विकताना, सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल विकताना ही चाल सर्रास ऐकू येते. चाल वाईट नाही, पण मराठी कानाला तिच्यातला 'पण' आधी ऐकू येतो. 'कळतंय' म्हणताना डोळे कळल्यासारखे दिसले नाहीत तर माणूस तिथेच आक्रसतो. मांडवात तर ती हास्यास्पद होते. आपल्याकडे 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य पूर्णविराम देऊन म्हणता आलं पाहिजे. महाग आहे? हो, आहे. मार्चमध्ये याहून महाग होता, मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतरेल. थांबता येत असेल तर थांबा. असं सांगणारा वेडा वाटतो. पण मेमध्ये तेच गिऱ्हाईक त्याच मांडवात येतं, आणि आल्यावर भाव विचारत नाही.

अर्थात यात एक अवघड गाठ आहे. खरं बोलल्याने माल खपतो हे एकदा कळलं की खरं बोलणं हीही एक चाल होते. 'डझनात एखादा साका निघेलच काकू' असं पहिल्याच वाक्यात, ठरवून, डोळ्यांत डोळे घालून सांगणारे विक्रेते आता दिसतात, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही की हा मोकळा आहे की तरबेज. मला वाटतं फरक पुढच्या वाक्यात कळतो. तरबेज माणूस दोष सांगून थांबतो, कारण त्याचं काम झालेलं असतं. मोकळ्या माणसाला त्या दोषाचं पुढे घरी काय करायचं हेही माहीत असतं. पण असा पुढच्या वाक्यापर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे, हाही प्रश्न आहेच.

आणि त्या बाईंना तेच पुढचं वाक्य हवं होतं. पाहुण्यांसमोर निघाला तर? याचं उत्तर मांडवात नाही, स्वयंपाकघरात आहे. पाहुणे किती, विचारायचं. आठ असतील आणि रस करायचा असेल तर माणशी दीड आंबा धरून बारा, वर दोन जास्तीचे. मोठा नग नको, मधला न्या. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी तयार होतील असे काढून देतो. रस करताना आंबा हाताने मऊ करून पिळू नका, कारण साका असला तर चिवट तुकडे रसात उतरतात आणि एका फळाचा आंबूसपणा अख्ख्या पातेल्याला लागतो. आधी चिरा. कोयीला लागून दोन्ही गाल उतरवा. साका कोयीजवळ असतो, तो सुरीखाली लगेच दिसतो, तेवढं फळ बाजूला ठेवा. फोडी वाढायच्या असतील तर फळं पाहुणे आल्यावर चिरायला घेऊ नका, तासभर आधी ओट्यावर चिरून, बघून, मग झाकून फ्रिजमध्ये. ताटात जाईल ते बघितलेलंच जाईल. जे खराब निघेल ते मला आणून द्या, पण ते पाहुण्यांना दिसणार नाही. हे सगळं सांगायला दीड मिनिट लागतं. मुलाने घरी कधी आंबा चिरला नसेल कदाचित. चिरला असता तर हे त्याला सुचलं असतं. मांडवात उभं राहणाऱ्या पोरांना भाव शिकवतात, नगांची प्रतवारी शिकवतात, बदलून द्यायला शिकवतात. सुरी हातात देऊन एक डझन चिरायला कोणी बसवत नाही.

बाई गेल्यावर मुलाने ओळ नीट केली. त्यांनी ठेवलेला आंबा उचलला आणि बल्बखाली धरला. खांद्याजवळ जिथे त्यांचा अंगठा पडला होता तिथे त्यानेही अंगठा ठेवून पाहिला, मग नाकाशी नेला. फळ अपेक्षेपेक्षा पुढे गेलं होतं, उद्यापर्यंत टिकलं नसतं. त्याने ते बाराशेच्या ओळीतून काढलं आणि मागच्या क्रेटमध्ये, आजच खायच्या आंब्यांत ठेवलं. पेंढ्यात खळगा तेवढा राहिला.